स्कूटरवरचे मोबाइल चार्जिंग : कशेडी घाटात जाण्यापूर्वी समजून घेण्याच्या गोष्टी



ऊस विकास विभागाने खोडव्याचे खत, बेणेप्रक्रिया, हुमणीचा बंदोबस्त हे सोडून स्कूटरवर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. पण कारण तसेच आहे. आता लागणीची नोंद मोबाइलवर होते, तोडीचा निरोप मोबाइलवर येतो, गाडी काट्यावर गेली की वजनाचा मेसेजही मोबाइलवरच पडतो. आमचे स्लिपबॉय सकाळी स्कूटर नाही तर मोटारसायकल काढतात आणि सायंकाळी उशिरा परततात. दुपारी तीनलाच मोबाइल मेला, की राहिलेल्या प्लॉटची नोंद दुसऱ्या दिवसावर जाते आणि सभासदाचा एक दिवस फुकट जातो.

दुसरे कारण रस्त्याचे. आपल्यापैकी पुष्कळांच्या सोयरिकी घाटाखाली आहेत. महाबळेश्वरवरून आंबेनळी घाट उतरून पोलादपूरला जायचे आणि तेथून कशेडी ओलांडून खेड-चिपळूणकडे वळायचे, हा रस्ता नेहमीचा झाला आहे. पूर्वी एसटीने जाणारे लोक आता स्कूटरवर दोघे बसून निघतात. त्यामुळे गट ऑफिसात हल्ली एकच प्रश्न वरचेवर कानी येतो, "साहेब, स्कूटरला मोबाइलचं सॉकेट बसवून घेऊ का? बॅटरी उतरते म्हणतात ते खरं का?"

आमचे उत्तर असे, की सॉकेट जरूर बसवावे, पण ते काय देते आणि कोठून देते हे समजून बसवावे. न समजता बसवले तर मोबाइल भरेल आणि स्कूटर बंद पडेल.

हौद, पंप आणि पाट

विजेचे गणित आपल्या विहिरीसारखेच आहे. स्कूटरची बॅटरी म्हणजे एक लहान हौद. इंजिनाला जोडलेला मॅग्नेटो म्हणजे हौद भरणारा पंप. दिवा, हॉर्न, सेल्फ आणि मोबाइलचे सॉकेट हे हौदातून निघणारे पाट. व्होल्ट म्हणजे पाण्याची उंची, म्हणजेच दाब. अँपियर म्हणजे पाटातून वाहणारी धार. बॅटरीवर अँपियर-अवर असा आकडा असतो, तो हौदाचा आकार.

इंजिन चांगल्या गतीने फिरत असेल तर पंप चालू आहे. तेव्हा तारेत साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दाब असतो आणि पाट चालू असूनही हौद भरत राहतो. इंजिन नुसते आयडलवर पुटपुटत असेल तर पंपाची धार बारीक होते. इंजिन बंद आणि चावी चालू असेल तर पंप बंद आणि पाट चालू. अशा वेळी हौद रिकामा होणारच, त्यात सॉकेटचा दोष नाही.

स्कूटरची बॅटरी १२ व्होल्टची असते आणि मोबाइलला साध्या चार्जिंगसाठी ५ व्होल्ट लागतात. म्हणून यूएसबी सॉकेटच्या पोटात दाब कमी करणारी एक छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी असते. उंच टाकीचे पाणी थेट ठिबकच्या नळीत सोडले तर नळ्या सुटतात, म्हणून मध्ये दाब नियंत्रक लावतो, तसेच हे काम. हलक्या प्रतीच्या सॉकेटात हीच पेटी कच्ची असते. ती बिघडली तर जादा दाब मोबाइलपर्यंत जाऊ शकतो. शंभर रुपये वाचवायला जाऊन पंधरा हजारांचा मोबाइल घालवण्यात शहाणपण नाही.

प्रत्यक्ष हिशोब

आता आकडे मांडून पाहू, म्हणजे डोळ्यांपुढे येईल.

स्कूटरची बॅटरी पुष्कळदा १२ व्होल्ट, ४ किंवा ५ अँपियर-अवरची असते. ४ ची धरली तर १२ गुणिले ४ म्हणजे ४८ वॅट-अवर. हा झाला आपला भरलेला हौद. आजच्या बऱ्याच मोबाइलची बॅटरी ५००० मिलिअँपियर-अवरची असते. तिचा दाब सुमारे ३.८५ व्होल्ट, म्हणजे तिच्यात १९ वॅट-अवरच्या आसपास वीज मावते. मधल्या पेटीत आणि वायरीत होणारी गळती धरली, तर एक रिकामा मोबाइल पूर्ण भरण्यास स्कूटरच्या बॅटरीतून २३-२४ वॅट-अवर जातात.

म्हणजे इंजिन बंद ठेवून एक मोबाइल पुरता भरला, तर नव्या बॅटरीचा निम्मा हौद संपतो. बॅटरी दोन-तीन वर्षांची असेल तर हौदात आधीच गाळ साचलेला असतो. वर आकडा ४ चा, पण प्रत्यक्षात दोनच उरलेले, असे सर्रास आढळते. शिवाय सेल्फ मारायला एकदम मोठी धार लागते. हौदाच्या तळाशी चार बोटे पाणी असून उपयोग नाही, फूटव्हॉल्व्ह बुडेल इतके तरी पाणी हवेच.

इंजिन चालू असताना मात्र काळजीचे कारण नाही. ५ व्होल्ट २ अँपियरचे सॉकेट मोबाइलला १० वॅट देते. त्यासाठी १२ व्होल्टच्या बाजूने साधारण १ अँपियर लागतो. जुन्या पद्धतीचा हेडलाइट ३५ वॅटचा असे, त्या मानाने हा भार थोडा आहे. चालत्या गाडीला तो जाणवतही नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. मोबाइलवर नकाशा चालू, स्क्रीन उजळ आणि घाटात टॉवर शोधण्याची धडपड चालू, अशा वेळी मोबाइल स्वतःच बरीच वीज खातो. सिग्नल क्षीण असेल तेथे मोबाइल जोर लावून टॉवर धरू पाहतो, म्हणून डोंगरात त्याची बॅटरी गावापेक्षा लवकर उतरते. १ अँपियरच्या सॉकेटवर अशा वेळी टक्केवारी जागची हलत नाही. सॉकेट खराब आहे असे समजू नये. आवक आणि जावक सारखी झाली, एवढाच त्याचा अर्थ. २ अँपियरचे सॉकेट घ्यावे, म्हणजे थोडी शिल्लक पडते.

जुनी स्कूटर आणि नवी स्कूटर

आमच्या वयाच्या लोकांनी घरी चेतक पाहिली आहे, नाही तर प्रिया. बजाजची चेतक १९७२ साली बाजारात आली. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्स कंपनीची प्रिया तर आपल्या साताऱ्यातच तयार होत असे. त्या काळच्या कित्येक स्कूटरींचे दिवे थेट मॅग्नेटोवर चालत. इंजिन रेस केले की दिवा मोठा, आयडलला आणले की मिणमिणता. बॅटरी नसली तरी गाडीचे अडत नसे. किक मारायची, नाही तर दुसरा गिअर टाकून दोघांनी ढकलायचे, की गाडी सुरू.

आजच्या स्कूटरचे तसे नाही, आणि सॉकेटचा धोका नेमका येथेच आहे. पहिली बाब ही, की गिअर नसलेली स्कूटर ढकलून सुरू होत नाही. तिचा क्लच इंजिनाची गती वाढल्यावरच पकडतो. चाक कितीही फिरवले तरी इंजिन फिरत नाही. दुसरी बाब, काही नव्या स्कूटरींना किक दिलेलीच नाही. तिसरी बाब, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आला आणि कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आले. पेट्रोलचा पंप आणि इंजिनाची इलेक्ट्रॉनिक पेटी आता विजेवर चालते. बॅटरी अगदीच मेली असेल, तर किक असूनही अशी गाडी सुरू होईलच असे नाही.

यात आणखी एक गोष्ट मिळवा. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो, तो बंद करण्याचे बटण नसते. म्हणजे घाटात रांगेत उभे राहून इंजिन आयडलवर ठेवले, तरी पंपाची बारीक धार प्रथम दिव्याकडे जाते.

वडिलांच्या चेतकवर जे खपले ते आजच्या गाडीवर खपणार नाही, हे तरुण सभासदांनी आणि विशेषतः त्यांच्या वडिलांनी लक्षात घ्यावे.

घाटात काय होते

मुंबई-गोवा महामार्गावर पोलादपूर सोडले की कशेडीचा चढ लागतो. रायगड जिल्हा संपून रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुका सुरू होतो तो याच घाटात. घाटाला पर्याय म्हणून बोगदे काढण्यात आले आणि २०२३ च्या गणेशोत्सवात हलक्या वाहनांना प्रथम एका बोगद्यातून सोडण्यात आले. त्यामुळे प्रवास पुष्कळ सुकर झाला हे खरे. तरीपण घाटातील वाड्यावस्त्यांवर ज्याला जायचे आहे त्याला जुना रस्ता सुटत नाही. आणि महाड-पोलादपूरचा पाऊस आपल्यासारखा नव्हे, तेथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो.

२०२१ च्या जुलैत काय झाले हे कोणी विसरलेले नाही. २२ जुलैला महाड पाण्याखाली गेले. त्याच दिवशी तळीये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. वीज गेली, मोबाइलचे टॉवर बंद पडले, आपला माणूस सुखरूप आहे की नाही हे घरच्यांना कळेना. त्याआधी २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली, तेव्हा बचावलेला एकमेव माणूस चढून वर आला म्हणून बातमी बाहेर पडली. घाटात चालू असलेला एक मोबाइल काय किमतीचा असतो, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

पण मोबाइल चालू ठेवण्याच्या नादात गाडी बंद पाडणे हेही तितकेच वाईट. गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातील एक सभासद व त्यांच्या पत्नी स्कूटरवरून खेडला निघाले होते. सासरे दवाखान्यात होते, तिकडून तासातासाला फोन येत होता. घाटात रस्त्यावर माती आली आणि वाहने थांबली. मोबाइल १० टक्क्यांवर आलेला. त्यांनी इंजिन बंद केले, चावी चालू ठेवली आणि मोबाइल सॉकेटला लावला. तीन तासांनी रस्ता मोकळा झाला तेव्हा मोबाइल भरला होता, पण सेल्फ मारला तर नुसता टक् असा आवाज. गाडीला किक नव्हती. अंधार, पाऊस आणि दोघे जण रस्त्याच्या कडेला. शेवटी एका टेम्पोवाल्याने स्कूटर उचलून पोलादपूरला आणली आणि वहिनी दुसऱ्या गाडीने पुढे गेल्या. नंतर पाहता बॅटरी तीन वर्षांची निघाली आणि सॉकेट बसवणाऱ्याने मध्ये फ्यूजही घातला नव्हता.

त्यांनी करायला हवे होते ते एवढेच. थांबल्यावर मोबाइल काढून घ्यायचा, नकाशा बंद करायचा, स्क्रीन मंद करायची आणि बॅटरी-बचत चालू करायची. १० टक्क्यांवर मोबाइल नुसता फोन घेण्यापुरता बराच वेळ टिकतो. अगदीच गरज पडली तर इंजिन चालू करून दहा-पंधरा मिनिटे थोड्या चढ्या गतीवर ठेवून चार्ज करावा. मात्र हे मोकळ्या हवेतच करावे. बोगद्यात किंवा बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून उभे राहू नये, धूर जिवावर बेततो.

सॉकेट बसवताना

सॉकेट दोन प्रकारचे मिळते. एक मोटारीत असते तसे १२ व्होल्टचे गोल सॉकेट. त्यात वेगळा चार्जर खुपसावा लागतो. दुसरे सरळ यूएसबीचे. स्कूटरला दुसरे बरे. गोल सॉकेटातील चार्जर खड्ड्यांनी सैल होतो आणि त्याच्या मोठ्या तोंडातून पाणी आत जाते. गाडीला कंपनीनेच सॉकेट दिले असेल तर दुसरे बसवण्याच्या भानगडीत पडू नये. नसेल तर आधी विक्रेत्याकडे चौकशी करावी, कारण मूळ वायरिंग कापल्यास वॉरंटीचा प्रश्न निघू शकतो.

जोडणी करून घेताना समोर उभे राहून पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. फ्यूज. बॅटरीच्या प्लसमधून निघणाऱ्या वायरीवर, बॅटरीच्या अगदी जवळ, ३ ते ५ अँपियरचा फ्यूज असावा. वायर घासून उघडी पडली आणि सांगाड्याला टेकली तर फ्यूज उडतो आणि प्रकरण तेथेच मिटते. फ्यूज नसेल तर वायर लाल होते, आणि पेट्रोलची टाकी लांब नसते.

२. चावीवर चालणारी जोडणी. चावी काढली की सॉकेट बंद झाले पाहिजे. त्यासाठी रिले लावणे उत्तम. थेट बॅटरीवर जोडलेले सॉकेट मोबाइल लावला नसतानाही थोडी वीज पीत राहते. समजा ते १० मिलिअँपियर घेते. दिवसाला ०.२४ अँपियर-अवर गेले. दहा दिवस गाडी उभी राहिली तर २.४, म्हणजे ४ च्या हौदातले निम्म्याहून अधिक पाणी गळून गेले. दिवाळीत गावाला जाऊन आलो आणि स्कूटर सुरू होईना, याचे कारण पुष्कळदा हेच असते.

३. वायर. केसासारखी बारीक वायर नको. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वरून नळी आणि हँडल वळताना ताण येणार नाही अशी ढील ठेवलेली. जोड नुसते पिळून चिकटपट्टी गुंडाळलेले नसावेत.

४. झाकण. सॉकेटला रबरी झाकण असावे आणि तोंड खाली किंवा आडवे असावे. आभाळाकडे तोंड करून बसवलेले सॉकेट म्हणजे पावसासाठी ठेवलेली वाटी.

पाणी, उष्णता आणि हादरे

कोकणच्या पावसात ओल्या मोबाइलला वायर जोडू नये. ओलाव्यात वीज सोडली की सॉकेटातील पितळी पत्ते हिरवे पडतात आणि मोबाइलचे तोंड कायमचे जाते. पाऊस लागला तर झाकण लावून मोबाइल पिशवीत ठेवावा.

उन्हाळ्यात उलट त्रास. मोबाइलची लिथियम बॅटरी तापली की चार्जिंग आपोआप मंद होते किंवा थांबते. सीटखालच्या डिकीत आधीच इंजिनाची धग असते, तेथे रेनकोटात गुंडाळून मोबाइल चार्जिंगला लावू नये. पुढच्या कप्प्यात, हवा लागेल असा ठेवावा.

हँडलवर घट्ट पकडीत अडकवलेल्या मोबाइलला इंजिनाचे हादरे बसतात. त्याने कॅमेऱ्याचा आतला भाग खराब होऊ शकतो, अशी सूचना ॲपल कंपनीने २०२१ साली आपल्या ग्राहकांना दिली होती. कमी गतीने, थोड्या अंतरासाठी ठीक आहे. दिवसभर नको.

कायद्याचेही पाहावे. गाडी चालवताना मोबाइलचा उपयोग फक्त रस्ता पाहण्यापुरता, आणि तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने करावा, असा केंद्रीय नियम ऑक्टोबर २०२० पासून आहे. चार्जिंगला लावला म्हणून बोलत चालायला मोकळीक मिळत नाही. घाटात तर मुळीच नाही.

गाडी बंद पडलीच तर

दुसऱ्या वाहनाच्या बॅटरीवरून वायर जोडून स्कूटर सुरू करता येते, पण एक मोठी खबरदारी घ्यावी. जीप, मोटार, ट्रॅक्टर यांची बॅटरी साधारणपणे १२ व्होल्टची असते, ती चालते. मोठा ट्रक व एसटी बस मात्र २४ व्होल्टवर चालतात. त्यांच्यावरून स्कूटरला कधीही वायर जोडू नये, क्षणात इलेक्ट्रॉनिक पेटी जळते. १२ व्होल्टवरूनही जोडताना समोरचे इंजिन बंद ठेवावे, प्रथम प्लसला प्लस जोडावा, मागाहून मायनस. खात्री नसेल तर हा उद्योग करू नये.

मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवावेत. घरच्यांचे दोन क्रमांकही लिहावेत. मोबाइल बंद पडला की आपल्याला आपल्या मुलाचाही नंबर आठवत नाही, हे अनेकांनी अनुभवले असेल.

लांबच्या प्रवासाला आमची शिफारस अशी, की १०,००० मिलिअँपियर-अवरची एक पॉवर बँक जवळ ठेवावी. चालत्या गाडीवर सॉकेटातून ती भरावी आणि थांबल्यावर तिच्यावरून मोबाइल भरावा. ती एक मोबाइल पुरता भरते आणि वर थोडी शिल्लक राहते. असे केल्याने स्कूटरच्या हौदाला हात लागत नाही. विजेवरच्या स्कूटरवाल्यांना ही चिंता कमी आहे. त्यांची मुख्य बॅटरी दोन-तीन हजार वॅट-अवरची असते, त्यात मोबाइलचे वीस-बावीस म्हणजे शंभरात एक.

थोडक्यात सांगायचे तर सॉकेट चालत्या गाडीसाठी आहे, उभ्या गाडीसाठी नाही. पावसाळ्यापूर्वी बॅटरी तपासून घ्यावी. तीन वर्षे झाली असतील तर बदलण्याचा विचार करावा. खर्च होतो हे आम्हांस मान्य आहे, पण रात्री घाटात बायको-मुलांसह उभे राहण्यापेक्षा तो कमीच.

आमच्या शेतकी विभागातील सर्व स्लिपबॉयनी आपापल्या गाडीचे सॉकेट, फ्यूज व बॅटरी पाहून घ्यावी, आणि सभासदांनीही गळीत हंगामाची गडबड सुरू होण्याआधी एखादा मोकळा दिवस यासाठी काढावा, अशी विनंती आहे.